दुसऱ्या मैलाचं वळण

शर्यत वीस-बावीस मिनिटांची.
त्यातल्या जेमतेम तीन मिनिटं पोरी आम्हाला दिसतात :
सुटताना, तळ्याकडून वळताना,
आणि शेवटी, चेहरे वेडेवाकडे करून येताना.
बाकीचा वेळ त्या ओकच्या रानात असतात
आणि आम्ही त्यांच्याविषयी बोलत असतो.

आयोवातला ऑक्टोबर. कापलेल्या मक्याचे खुंट,
घडीच्या खुर्च्या, थर्मासमधली पांचट कॉफी.
मार्लिस ट्वेट सांगते, सोल्वेगला तीन प्रशिक्षकांची पत्रं आलीत,
पण पूर्वेकडचं ते कॉलेज म्हणे शंभरातून सहाच घेतं.
'सहाच' असं म्हणते,
जणू सहाही तिच्याच घरची.
वेंडेल हाउगेन लगेच बोलत नाही. आधी कॉफीवर फुंकर घालतो.
मग हळूच, "आमच्या इंग्रिडला गणितात पूर्ण आठशे.
पण ती म्हणते, आकड्यांचं काय एवढं."
आकडा तेवढा सांगून झालेला असतो.

मी मका तोलतो.
गावच्या गोदामात, वजनकाट्यावर, एकोणीस वर्षं.
भरलेला ट्रक काट्यावर चढतो, आकडा लिहायचा.
रिकामा होऊन येतो, पुन्हा लिहायचा.
मधली वजाबाकी म्हणजे माल.
दाण्यात ओल निघाली तर त्याचे पैसे कापायचे.
या खुर्च्यांपाशी उभं राहिलं की वाटतं,
इथे सगळे भरलेलाच ट्रक तोलतायत,
ड्रायव्हरसकट.

"आणि तुझी टिल्डा? कुठे जाणार?"
"अजून ठरलं नाही," मी म्हणतो.
मग सगळे माझ्या कपात
न मागता थोडी साखर घालावी
तसे माझ्याकडे बघतात.

त्या शनिवारी झेंडेवाला आजारी पडला.
प्रशिक्षकाने केशरी झेंडा माझ्या हाती दिला
आणि मला रानात नेऊन उभं केलं, दुसऱ्या मैलाच्या वळणावर.
तिथे कुणाचेच आईबाप नसतात.

पहिली आली सोल्वेग. एकटी, खूप पुढे,
आणि मोठमोठ्याने शिव्या देत होती,
पावलागणिक एक, अगदी ठेक्यात.
कुणाला, ते कळलं नाही.
मग इंग्रिड. ती थांबली,
खोडावर हात टेकून भडाभडा ओकली,
बाहीला तोंड पुसलं,
"बाबांना नका सांगू," म्हणाली, आणि सुटली.
मग घोळकाच्या घोळका. श्वास, चिखल, कोपरं.
मग बराच वेळ काहीच नाही. एक सुतारपक्षी,
आणि हातातला माझा झेंडा, उगाच.

मग टिल्डा.
चालत होती.
शेजारी नववीतली एक चिमुरडी, एका पायात बूट,
दुसरा बूट टिल्डाच्या हातात, चिखलाने माखलेला,
आणि दोघींचा वाद चाललेला
की गाईला पोहता येतं का.
टिल्डा हसत होती. पोट धरून.
घरी हे हसू
मी शेवटचं कधी ऐकलं, आठवेना.

तेवढ्यात तिने मला पाहिलं.
चेहरा सरळ झाला.
बूट त्या पोरीच्या हातात कोंबला
आणि ती पळायला लागली.

मी झेंडा खाली केला, पाठीमागे लपवला,
पण ती केव्हाच वळणापार गेली होती.

परतलो तर मार्लिस वाटच बघत होती.
"वळणावर कशी होती गं बाई आमची?"
"ठेक्यात," मी म्हणालो.
"आणि इंग्रिड?" वेंडेलने विचारलं, दुसरीकडे बघत.
"थांबायला तयार नव्हती."
तिसरं नाव कुणी घेतलं नाही.
मीही नाही.

घरी येताना खडीचा रस्ता,
टिल्डाचे पाय डॅशबोर्डवर, मोज्यांचा वास.
दोन मैल कुणी बोललं नाही.
मग मी विचारलं,
"मग? येतं का गाईला पोहता?"
तिने माझ्याकडे पाहिलं,
वजनकाट्यावर नवखा ड्रायव्हर बघतो तसं,
हा माणूस आता किती कापणार म्हणून.
मग काच खाली केली.

"अजून ठरलं नाही," म्हणाली.