सातवा रकाना

दवाखान्यातल्या बाईंनी फॉर्म दिलाय,
पेन टेबलाला सुतळीनं बांधलेलं.
नाव : धैर्यशील. वय : सोळा पूर्ण, सतरावं चालू.
पत्ता : मंगळवार पेठ, गिरणीच्या मागं.
सहा रकाने सरसर भरले.
सातव्यावर सुतळी अपुरी पडली.
'सवय कुणामुळे लागली?'

ह्यांनी मागून वाकून बघितलं.
लिही की. त्या अवधूतचं नाव लिही,
बावड्याचा, केसं पिवळी केलेला.
त्याच्याच नादाला लागलाय.

आमच्या गावात नाद हा कौतुकाचा शब्द.
कुणाला कबुतरांचा, कुणाला बैलांचा,
आणि पोराला फुटबॉलचा नाद म्हटलं
की पेठेतली म्हातारीही खुर्ची सरकवून देतात.

सेमीफायनल जिंकले त्या रात्री
हा दीडला आला, तोंडभर गुलाल.
गुलालाखाली वास.
मी म्हटलं, गुलालाचाच असेल.
गुलालाला असा वास नसतो
हे काय मला कळत नव्हतं?

थोरल्या पोरांनी ग्लास पुढं केला म्हणे.
नको म्हटला असता तर पुढच्या मॅचला बाकावर.
सोळाव्या वर्षी बाक म्हणजे काय,
ते बाकावर बसलेल्यालाच ठाऊक.

पण ग्लास धरायचा कसा
हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

सातव्या वर्षापासून कोपऱ्यावरनं सोडा आणायचा,
उरलेले सुट्टे त्याचे.
शनिवारी फाउंड्रीतली चौघं यायची,
शेंगदाण्यावर कांदा मी चिरायची,
आणि हा नळाखाली बर्फाचा ट्रे धरायचा
एक खडा न सांडता.
'हुशार आहे गड्या! मापात ओततोय बघ.'
आमच्या घरात त्याचं कौतुक
शनिवारीच व्हायचं.

सोमवारी सुपरवायझरचा फोन आला
की मी तो त्याच्या हातात द्यायची.
'काका, पप्पांना ताप आलाय.'
किती सहज बोलायचा.
पुढं मला सांगायला लागला,
क्लासला होतो, मम्मी.
सरावाच्या बुटात खोकल्याच्या औषधाच्या
दोन रिकाम्या बाटल्या सापडल्या.
खोकला तर घरात कुणालाच नव्हता.

अल्बममध्ये एक फोटो आहे, गटारीचा.
हा दहा महिन्यांचा, दिरांच्या मांडीवर.
फेसात बुडवलेलं बोट त्याच्या ओठाला लावलेलं,
त्यानं केलेलं वेडंवाकडं तोंड,
आणि सगळे हसतायत.
कडेला, ताट घेऊन उभी, हिरव्या साडीत,
हसणारी बाई मी आहे.

परवा रात्री तीनला कडी वाजली.
अवधूत. पाठीवर हा, मान टाकलेला.
रंकाळ्यापासनं चालत आणला,
रिक्षा थांबंनात म्हणाला.
अवधूतच्या पायात एकच चप्पल.
'काकी, कुशीवर झोपवा, उताणा नको.
उलटी घशात अडकती.'
तुला रे कसं माहीत?
पिवळी केसं कपाळावर आली.
'आमच्यात रोजचंच असतंय.'
पाणी दिलं तर उभ्यानंच प्यायला,
आणि हे आतून ओरडले,
कोण आहे? हाकल त्याला.

आता हे बाहेर गेलेत,
तोंडात वेलदोडा टाकून, चहा बघतो म्हणाले.
बाई विचारतात, झालं का?
रकाना बोटाच्या पेराएवढा,
एक नाव मावेल, तेही आडनाव सोडून.
मी पेनची सुतळी सोडवली,
कागद पालथा केला.
मागची बाजू सगळी कोरी आहे.

'तुम्ही दुसऱ्याला बोलवा, मॅडम,' मी म्हटलं,
'मला जरा वेळ लागणार आहे.'