दोन बोटं

अक्कलकोट रोडला एमआयडीसी मागे टाकली की
तो पार्क लागतो. दारात सिमेंटचा हत्ती,
सोंडेतून पाणी पडायला हवं, पडत नव्हतं.
मे महिना. सकाळच्या दहालाच
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.

पाटीवर : तीन फुटांखालचं मूल मोफत.
शेजारी भिंतीवर रंगवलेला जिराफ, त्याच्या अंगावर आकडे.
भार्गव जिराफाला पाठ लावून उभा राहिला
आणि रेषेच्या वर निघाला.
दोन बोटं. दोनच.
साडेतीनशे रुपये म्हणजे काय काय, ते मी मनात मोजलं
आणि त्याच्या कानात म्हटलं,
"गुडघे वाकव, राजा. थोडेसेच."
वाकवले त्याने. हसत.
तिकीटवाल्याने नोटा मोजायला घेतल्या.
अंबादासला तेवढ्यात हत्तीत काहीतरी बघायचं होतं.
स्रवंतीने मात्र माझ्याकडेच बघितलं.
बारा वर्षांची आहे ती. तिचं पूर्ण तिकीट.

बाहेरचं खाणं आणू नये, म्हणे.
म्हणून कडक भाकरी डायपरच्या तळाशी
आणि शेंगाचटणीची पुडी चिन्नीच्या झबल्यात गुंडाळून.
चिन्नी सात महिन्यांची.
एवढ्या घसरगुंड्या, एवढे रंग, एवढा आरडाओरडा,
तिने दिवसभर एकच वस्तू पाहिली :
माझ्या गळ्यातला एक काळा मणी.
कडुलिंबाखाली आणखी तिघीजणी होत्या,
मांडीवर एकेक झोपलेलं, डोळे पाण्याकडे.
कुणी कुणाला नाव विचारलं नाही.
चटणी मात्र चौघींत फिरली.

टॉवेल भाड्याने, वीस रुपये.
अंबादासने तो उलटा केला, किनार बोटांत चोळली.
"आमच्या शेडचाय की गं. सातव्या मागावरचा.
तो माग इथं धागा सोडतोच."
मग स्वतःच्याच टॉवेलचे वीस रुपये भरून
कोरडं तोंड दोनदा पुसलं त्याने.

दुपारी भार्गवला लाल घसरगुंडी हवी झाली.
तिथेही जिराफ. तिथेही तीच रेष.
इथे मात्र : तीन फुटांवरच्यांनाच.
रांग मोठी, फरशी तापलेली,
आम्ही पाय उचलत, टेकवत उभे.
त्याचा नंबर आला. जिराफ बघितला
आणि शिकवल्याप्रमाणे, न सांगता,
त्याने गुडघे वाकवले.

"लहान आहे ओ ताई," शिट्टीवाला पोरगा म्हणाला.
"नाही, आहे तो उंच. भार्गव, सरळ उभा राहा."
"वाकू नको?"
एवढ्या मोठ्याने विचारलं की
रांगेतल्या बायकांचं बोलणं थांबलं.
"मघाशी तर वाक म्हणालीस."
पोरग्याने त्याचं मनगट उचललं. उघडं.
"कागदी पट्टा कुठाय याचा?"

चिन्नीला कडेवर घेऊन मी दारापर्यंत गेले, उन्हातून.
तिकीटवाल्याने काही विचारलं नाही,
मीही काही सांगितलं नाही.
हिरवा पट्टा. साडेतीनशे.

परत आले तर स्रवंती,
जी सकाळपासून आमच्यापासून दहा पावलं लांब,
आम्ही तिचे कुणीच नसल्यासारखी पोहत होती,
रांगेत त्याचा हात धरून उभी.
केसांतून पाणी गळत होतं.
"इथं ताठ राहायचं," ती त्याला सांगत होती.
"आणि दारात?"
तिने मला येताना पाहिलं.
"दारात पण," म्हणाली.

तो घसरला. चार सेकंद असतील.
खाली पाण्यात बुडाला, नाकातोंडात पाणी,
रडला, आणि रडत रडतच पुन्हा रांगेत गेला.

संध्याकाळी रिक्षात सगळे एकमेकांवर पडलेले.
अंबादासच्या मांडीवर चिन्नी,
माझ्या खांद्यावर स्रवंतीचं ओलं डोकं, आपणहून.
भार्गव मांडीवर आडवा, पोटाशी पाय घेऊन.
हिरवा पट्टा काढू देत नव्हता झोपेतही.
होटगी रोडच्या वळणावर
मी त्याचे गुडघे हळूच धरले
आणि एकेक पाय सरळ केला.
दारातून बाहेर गेले पावलं.