हुल्दाबाईंचं भाषांतर

पडदा म्हणजे दवाखान्याच्या दोन जुन्या चादरी.
महिला मंडळानं मधोमध जोडल्या, टीप पक्की
पण रेघ वाकडी. माणूस डावीकडून उजवीकडे गेला
की जाताना त्याच्या नाकाला टाके पडायचे.
खालच्या कोपऱ्यात निळा शिक्का तसाच:
पुरुष विभाग, खाट अकरा.

प्रोजेक्टर माझ्या क्लासमधला.
उंचीसाठी खाली गीतांची तीन पुस्तकं लावली.
पाळकसाहेबांनी पाहिलं, बोलले काहीच नाहीत,
थोड्या वेळानं स्वतःच विटा घेऊन आले.

मिरजेतला मे. बाक सगळे अंगणात.
भडंगाचं पातेलं हातोहात फिरतंय,
मुलं शेंगदाणे तेवढे वेचून
पुढच्याकडे ढकलतायत.

आणि सिनेमा इंग्रजी निघाला.
घरी पाहिला तेव्हा हिंदी होता, शपथ.
शपथ वाहू नये असं शास्त्रात आहे,
म्हणून नुसतं सांगतो: हिंदी होता.

तेव्हा हुल्दाबाई सकटे उठल्या.
चौतीस वर्षं नाईट ड्युटी.
पेशंट म्हणायचा, पोटात नुसता भडका उठलाय,
आणि परदेशी डॉक्टरला त्याचा अर्थ त्या सांगायच्या.
खुर्ची ओढून पडद्याशेजारी बसल्या. माईक नको म्हणाल्या.

"हा म्हणतोय, घोडी विकू नका.
ती म्हणतेय, मग खायचं काय.
आता दोघं उगीच बोलतायत, विशेष काही नाही."

मुका आला, आणि पाळकसाहेबांचा पंजा भिंगावर.
चादरभर पाच काळी बोटं.
मागून तरुण संघ ओरडला, "साहेब, अंगठी दिसतीय!"
हुल्दाबाई म्हणाल्या, "लग्न ठरलं. पुढं चला."
जंक्शनात गाडी शिरली,
आईचं अख्खं मरण तिच्या भोंग्यात गेलं.

तिसऱ्या बाकावर नहेम्या लोखंडे, एक्स-रेवाले.
फाटकाशी त्यांचा फिलू,
मोटरसायकलवर, अर्धा आत, अर्धा रस्त्यात.
आईच्या मातीला तो पुण्याहून पोचला
तेव्हा खड्डा बुजवून झाला होता.
थांबा, असं फोनवर म्हणाला होता.
बाप थांबला नाही.
दोन वर्षं झाली. गल्ली एकच, नळ एकच.

पडद्यावर मुलगा घरी येतो. रात्र.
दारात बाप, हातात कंदील.
बाप काहीतरी बोलतो आणि दार लावून घेतो.
माझं इंग्रजी बेताचं, पण तेवढं कळतं.
तो म्हणाला, "मी तुला ओळखत नाही."

हुल्दाबाई गप्प.
चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.
पहिल्या रांगेतून चिमुरडी केझिया:
"काय म्हणाला? काय म्हणाला तो?"

"म्हणाला," हुल्दाबाई म्हणाल्या,
"मागच्या दारानं ये.
पुढच्या दाराची कडी धड नाही."

"आमचीपण तसलीच हाय," कुणीतरी बोललं.
सगळ्यांना पटलं. पोरगं अंधारात चालत निघालं,
हुल्दाबाई म्हणाल्या, "गेला बघा, मागच्या बाजूला."

पुढचं मी पाहिलेलं होतं. पुढं नदी आहे.
बटण दाबलं. म्हणालो, मशीन तापलंय,
आज एवढंच.

लोक कुरकुरले, मग चपला शोधू लागले.
नहेम्याकाका पातेलं घेऊन फाटकाकडे गेले.
पातेलं रिकामं होतं, मी पाहिलं होतं.
काय बोलले, बोलले का, ठाऊक नाही,
मी वायर गुंडाळत होतो,
आणि पोरं ओल्या बोटांनी तळाचं मीठ चाटायला
त्यांच्या मागोमाग धावली होती.

"शेवट काय होता रे?" हुल्दाबाईंनी विचारलं.
"चांगला," मी म्हणालो.
"खोटारड्या," त्या म्हणाल्या, "ते टोक धर."
मग खाट अकराची आम्ही घडी घातली,
चार पदरी, दवाखान्याच्या पद्धतीनं,
शिक्का आत.