नऊ व्होल्ट

मंगळवारच्या क्लासात, भूपाच्या आरोहात,
इलेक्ट्रॉनिक तानपुरा मध्येच गप्प झाला.
आधी वास आला, मग कळलं.
अडॅप्टर पुण्याहून आणलेला, दोन पिनांचा,
डोक्यावर इथल्या कन्व्हर्टरचं टोपरं.
हात लावला तर चटका.

हॅटी म्हणाली, ड्रॉवरमध्ये असेल की दुसरा.
असतोच. हडर्सफील्डमध्येही प्रत्येक घरात असतो तो ड्रॉवर,
मेलेल्या फोनांच्या, बदललेल्या राउटरांच्या
मागे राहिलेल्या वायरींचा.
तीन पिना चपखल बसल्या.
बटण दाबणार, तेवढ्यात
का कोण जाणे, हात आखडला.

शनिवारी मेथडिस्ट हॉलमध्ये ओलरेनशॉ बसतात,
टोस्टर उघडतात, दिवे जोडून देतात, पैसे घेत नाहीत.
डब्याच्या पोटावरचं बारीक लेबल त्यांनी भिंगातून वाचलं,
मग माझे तिन्ही अडॅप्टर,
आत्या पत्रिका वाचायची तसे, ओठ हलवत.
पहिला बारा व्होल्टचा. 'जाळला असता, लव्ह.'
(इथे सगळेच म्हणतात लव्ह. मीही आता दचकत नाही.)
दुसरा नऊचाच, पण त्या इवल्या चित्रात
अधिक आत, उणे बाहेर;
माझ्या डब्याला नेमकं उलटं हवं.
तिसरा बाजारातला, तीन पौंडांचा.
तो त्यांनी वाचलाच नाही,
तळहातावर नुसता तोलला
आणि खालच्या बादलीत टाकला.

नऊ म्हणजे नऊ, ते म्हणाले,
आठ नाही, दहा नाही.
षड्जासारखं, मी म्हटलं.
असेल, ते म्हणाले.
अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात,
यंत्र लागेल तेवढंच घेतं,
उरलेलं भांड्यात राहतं.
हे मला लगेच पटलं,
पंगतीत वाढत वाढलेली मी.

मग दोन चिमटे लावून, काटा नऊवर आणून,
त्यांनी खटका दाबला.
प सा सा सा.
चहाच्या टेबलापाशी कुणीतरी किटली खाली ठेवली.
ओलरेनशॉ भिंग हातात धरून तसेच बसले.
मग म्हणाले, आईला न्यायला जायचो ना गिरणीच्या फाटकाशी,
लांबूनच ऐकू यायचं. असंच काहीतरी.
बंद करायला विसरले.
मीही आठवण केली नाही.

नवा बुधवारी आला. मंगळवार तसाच गेला,
मुलींनी आळीपाळीने सा धरला,
हॅटीचा थोडा चढा लागतो, लागू दिला.

आज त्या नव्यावर पांढऱ्या शाईने लिहिलं: तानपुरा.
हातासरशी ड्रॉवर पालथा घातला,
राउटर, दाढीचं मशीन, अच्युतचा जुना रेडिओ,
ज्याचं त्याला नाव दिलं.
एक उरला. सहा व्होल्ट, जड, धडधाकट.
कशाचा, आठवत नाही.
त्याची वायर नीट गुंडाळली
आणि परत ठेवला.