रकाना चौदा

प्रश्न चौदावा असा छापला आहे:
खोकलताना, शिंकताना, हसताना
किंवा जड उचलताना
नकळत लघवी होते का?
कधीच नाही. कधीकधी. नेहमी.
एकाच चौकटीत खूण करावी.

देवकाबाई आत्रामांनी आधी नातवाला पिटाळलं
बिस्किटपुड्याच्या निमित्तानं,
मग मला आत नेलं, दार लोटलं,
मग म्हणाल्या,
"त्याले कधीकधी म्हंतेत का वो मॅडम?
तिसऱ्या लेकरापासून हाय."
तिसरं लेकरू आता पांढरकवड्याला वनरक्षक आहे.
'किती दिवसांपासून' या ओळीत
मी 'दिवस' खोडून
सव्वीस वर्षं लिहिलं.

नागपूरच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं,
शब्द सोपे वापरा.
माझ्याजवळचे सगळे पुस्तकातले,
सोपे त्यांच्याकडंच निघाले:
लुगडं ओलं होते. पांढरं जाते.
आणि शेवंता टेकाम, चुलीकडे तोंड करून,
"आंग बाहेर येते."

आंग.
म्हणजे गर्भाशय, हे मला माहीत होतं.
तरी परतीच्या ऑटोत तो शब्द उतरेना.
सगळ्या देहाला जे नाव
तेच त्या एका पिशवीला,
आणि तेच बाहेर येतं,
तेच बोटानं आत ढकलून
बाई वेचणीला जाते.

वेचणीला ओटी बांधतात कमरेला.
कापूस हलका असतो
असं न वेचणाऱ्याला वाटतं.
दुपारपर्यंत आठ-दहा किलो
ओटीपोटावर लोंबतो.
बांधावर मालकाचा पोरगा मोबाईल घेऊन बसलेला,
म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही.
हे कुठल्या रकान्यात?
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात.
साहेब म्हणाले, समासातलं कॉम्प्युटर घेत नाही.

एकशे बारा बायका झाल्या.
सत्तावन्न जणी हो म्हणाल्या.
अहवालात टक्के असतील.
बेबी लोणारे नसेल,
पोरीच्या लग्नात जी एकदाही हसली नाही
आणि सोयरे म्हणाले, विहीण मोठी ताठ्याची.
जुन्या साडीचं ते धडपंही नसेल,
घडीवर घडी घातलेलं,
तुराट्यांच्या कुडामागं वाळणारं,
उन्हात नाही,
सावलीत.

मार्चमध्ये वर्ध्याहून व्यायाम शिकवणारी आली,
लहानशी पोरगी, पाठीला सॅक.
समाजमंदिरात सतरंजीवर सगळ्यांना बसवलं.
"लघवी मधातच थांबवल्यासारखं आवळा.
दहा मोजा. सोडा."
कोणाचं काही हललं नाही.
एकोणतीस बायका, मांडीवर हात, सरळ चेहरे,
कोण आवळतंय, कोण नुसतीच बसलीय,
बाहेरून कळायची सोय नाही.
सातवर शेवंताबाईंना हसू फुटलं.
मग बेबीला. मग ओळच्या ओळ.
"हासू नोका वो, गेलं ना माह्यं!"
देवकाबाई ओरडल्या, भर सभेत,
आणि पदर सावरत घाईनं
कोणीच उठलं नाही.

आता त्या गावात गेले की
रेशनच्या रांगेत, टाकीच्या नळावर
एखादी बोलता बोलता थांबते.
नजर लांब, ओठ किंचित हलतात.
मी मधे बोलत नाही.
तिचे दहा होऊ देते.
मग ती वाक्य उचलते, सोडलं तिथून,
वांग्याच्या भावाचं.