सतरा ळ

मोंढ्यामागच्या छापखान्यात ळ सतराच.
लग्नसराईत
परळीला परळी पुरायची नाही.

बांधलेला फर्मा मुनीरभाई
उर्दूसारखा उजवीकडून वाचत,
छापल्या कागदावर मात्र अडखळत.
सकाळी पत्रिकेतून सुटलेला ळ
रॉकेलनं पुसून
दुपारी कुणाच्या तेरवीत.

एकदा ल वरच भागवलं.
कांबळे गुरुजी कार्ड घेऊन दारात:
"कामून हो, बोबडं केलं आमचं नाव?"

पुढं ऑफसेट आलं.
खिळे किलोवर गेले, काना-मात्रांसकट.
भंगारवाल्याच्या पावतीवर गाव: परली.

मुनीरभाईंनी कानामागची लाल पेन्सिल काढली,
ल खोडला,
समासात ळ घातला, गोल, सावकाश.

वजन तपासायचं राहिलं.