सांधा

रीळ क्रमांक चार हजार एकशे सतरा.
डब्यावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय:
‘रणगाडे, लिंकन. मग समुद्री विमानं, फेलिक्स्टो. आवाज नाही.’
आवाज तेव्हा नसायचाच,
तरी लिहून ठेवलंय बिचाऱ्यानं,
घरात कुणी नसल्याची चिठ्ठी दारावर लावावी तसं.

तळघरात बारा अंशांची थंडी.
काडेपेटी वरच ठेवायची, पहारेकऱ्याच्या खणात.
ही फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीही विझत नाही.
कापूस आणि तेजाब, दुसरं फारसं काही नाही तिच्यात.
त्याच कापसाची तेव्हा तोफेची दारू व्हायची,
त्याचाच लेप विमानाच्या पंखांवर, कापड ताठ राहावं म्हणून.
एका बोंडाची तीन पोरं.
त्यातलं हे धाकटं माझ्या पदरात पडलंय,
तेही भडक डोक्याचं.

दर बुधवारी मिसेस थर्लबी येतात.
वय सत्याहत्तर, मांडीवर हँडबॅग.
आधी रणगाडा येतो, कारखान्यामागच्या चिखलातून,
भूमितीच्या वहीतला चौकोन कलंडून चालायला लागावा तसा.
भिंतीवर चढतो. टोकावर
तराजूच्या काट्यासारखा थबकतो
आणि धाडकन्...
नाही, धाडकन् नाही. नुसता पडतो.
मागे धावणाऱ्या कुत्र्याचं भुंकणंही फुकट.
टोपी सावरत एक माणूस चौकटीबाहेर जातो.

‘हे बाबा असतील,’ बाई म्हणतात. ‘नसतीलही.
घरी सांगायचे, पाण्याच्या टाक्या बनवतो, वाळवंटात न्यायला.
तसं सांगायचा वरून हुकूमच होता.
आजी शेजारणींना ऐकवायची,
आमचा सायलस तहानलेल्यांची सोय करतो.’

मग सांधा. पडदा एकदा उचकी देतो.
आणि समुद्र.

जहाजाच्या क्रेनला लोंबणारं विमान,
मांजरीनं मानगूट धरलेल्या पिल्लासारखं,
अलगद पाण्यावर ठेवतात.
वैमानिक हात हलवतो. कॅमेऱ्याला की घराला, कोण जाणे.
मग लांबलचक शेड, पंखांवर कापड शिवणाऱ्या मुली.
सहावी मुलगी दातानं दोरा तोडते
आणि वर बघते.
एक्केचाळीस चौकटी. अडीच सेकंद.
‘ही डोर्कस. माझी आई.
लेपाचा वास तिच्या केसांतून महिनोन् महिने जायचा नाही.
पिकून उतरलेल्या नासपतीसारखा, मावशी सांगायची.’

मागे एकदा मी शहाणपण केलं.
म्हटलं, ही माणसं दुडदुडतायत ते काही खरं नाही,
तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे,
आपलं यंत्र जास्त वेगानं पळवतं.
थांबा, मी गती उतरवते.

उतरवली.
रणगाडा जड झाला.
वैमानिकाचा हात निरोपाचा झाला.
मुलगी सावकाश वर बघू लागली
आणि मला तिच्या डोळ्यांत, तिथे नसलेलंसुद्धा, दिसायला लागलं.
मिसेस थर्लबींनी चष्मा काढून पुसला.
‘नको. होतं तसंच कर.
आईला कधी सवड नव्हती.
ही कुणीतरी दुसरीच बाई आहे.’

आज त्या गेल्यावर रीळ टेबलावर घेतलं.
सांधा सुटायला आलाय, गोंदाचा पापुद्रा निघतोय.
अलीकडे चिखल आणि टोपी, पलीकडे समुद्र, दोरा.
कुठल्या कारकुनानं हे दोन तुकडे जोडले,
कदाचित डबा वाचवायला, त्याची नोंद नाही.
ती दोघं अजून भेटलेली नाहीत.
त्यांची गाठ पडायला दोन वर्षं आहेत
आणि मध्ये अंतर
माझ्या करंगळीच्या नखाएवढं.

कड खरवडली. ब्रशानं एक थेंब सोडला.
चिमटीत दाबून धरलं.
दहापर्यंत मोजायचं असतं.
गोंदाचा वास वर आला, गोडसर,
नासपतीचा.
सतरापर्यंत मोजलं,
मग आकडा चुकला.